बंद पडलेला संगणक आणि आमचा न्याय

घरांतील एखादी वस्तु बिघडली म्हणजे ती नीट करण्यापूर्वीं ‘कोणीं बिघडविली?’ हें विचारण्याची आपल्या कुटुंबांत जुनी रीत आहे. दौत सांडो, घड्याळ थांबो कीं रहाटाचा दोर तुटो, आधीं अपराधी सांपडला पाहिजे, उपाय मागाहून. आम्हीं तीस वर्षांवर शाळेंत संस्कृत शिकविलें. अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह आमच्या उशाशीं असतो, आणि धूर पाहून अग्नीचें अनुमान कसें करावें व कसें करूं नये, हें आम्हीं किती मुलांकडून घोकून घेतलें असेल याची गणती नाहीं. असें असूनहि एका ओल्या सकाळीं आम्हीं स्वतःच असा एक निवाडा दिला कीं, त्याची आठवण झाली म्हणजे अजून मान खालीं जाते. प्रसंग बंद पडलेल्या संगणकाचा आणि स्थळ हेमलकसा. टेबलावर ठेवावयाचें हें यंत्र पुष्कळ सुशिक्षित घरांत असतें, आणि केव्हांतरी तें हटून बसतेंच. म्हणून ती हकीकत, व तींतून हातीं लागलेली तपासाची रीत, वाचकांपुढें ठेवीत आहों.

हेमलकसा हें गडचिरोली जिल्ह्याच्या भामरागड तालुक्यांतील लहानसें गांव. १९८२ सालीं गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. तत्पूर्वीं हा सारा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यांतच मोडत असे. आलापल्ली सोडली म्हणजे ६०-६५ किलोमीटर अरण्यांतून जावें लागतें. जवळच पर्लकोटा, पामुलगौतम व इंद्रावती या नद्यांचा संगम आहे. २३ डिसेंबर १९७३ रोजीं बाबा आमटे यांनीं येथें लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनीं माडिया गोंडांच्या सेवेंत आपलें आयुष्य घातलें. २००८ सालीं त्या उभयतांस रॅमन मॅगसेसे पारितोषिक मिळालें. आरंभीं येथें वीज नव्हती. रात्रींबेरात्रीं आलेल्या रोग्यावर कंदिलाच्या उजेडांत उपचार करावे लागत. पुढें तारा आल्या, आणि तारांमागून पंखे व संगणकहि आले. परंतु कोसच्या कोस झाडींतून येणारी तार ही वाऱ्यापावसाच्या स्वाधीन असते, हें तेथें राहिल्यावांचून ध्यानांत येत नाहीं.

आमचा पुतण्या शासकीय सेवेनिमित्त कांहीं वर्षें तेथें सहकुटुंब राहत होता. २०१९ च्या पावसाळ्यांत आम्ही त्याजकडे मुक्कामास होतों. सूनबाई जवळच्या एका खेड्यांतील शाळेंत शिक्षिका. वर्गांतील मुलें घरीं माडिया बोलत, आणि पुस्तक मराठी. माडिया ही गोंडीच्या गोतांतील द्राविडी भाषा. मराठीशीं तिचें कुळाचें नातें नाहीं, आणि तींत लिहिलेलें वाङ्मयहि थोडें. शिक्षिकेचें बोलणें व मुलाची समजूत यांमध्यें पडणारी दरी बुजावी, म्हणून सूनबाईनें दोन वर्षें खपून मुलांच्या आज्यांकडून माडिया शब्द, कोडीं व गोष्टी ऐकून देवनागरींत टिपून घेतल्या होत्या. सांगणाऱ्यांपैकीं एक म्हातारी त्याच उन्हाळ्यांत वारली. ही टिपणें कागदावर नव्हतीं, संगणकांत होतीं. आणि त्यांची दुसरी प्रत कोठेंच नव्हती.

श्रावणांतील त्या सकाळीं सूनबाईनें संगणकाचें बटण दाबलें. नेहमींची ती बारीक घरघर नाहीं, दिवा नाहीं, कांहीं नाहीं. पुन्हां दाबलें, पुन्हां तेंच. आदल्या दिवशीं दुपारीं आमचा अकरा वर्षांचा नातू त्याजवर खेळत होता. आईनें जेवावयास हांक मारली, तेव्हां त्यानें घाईनें तें बटण दाबून धरलें व यंत्र बंद केलें, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. झालें! साक्षीदार आम्ही, न्यायाधीशहि आम्हीच. “काल दडपून बंद केलास, त्याचें हें फळ. तुझ्या आईचीं दोन वर्षें गेलीं!” असें आम्ही त्याला सर्वांदेखत बोललों. मूल कांहीं न बोलतां मागच्या पडवींत जाऊन बसलें, आणि ताटावर बोलावलें तरी आलें नाहीं.

कारागीर बोलवावा, तर पर्लकोटेच्या पुलावरून पाणी वाहत होतें आणि आलापल्लीच्या वाटेवरील नालेहि फुगले होते. पाणी केव्हां उतरेल याचा भरंवसा नाहीं. तेव्हां पुतण्या म्हणाला, “काका, आपणच क्रमानें पाहूं या. यंत्र आपल्याला नवीन असलें तरी विचार करण्याची रीत तुमचीच आहे.” त्या वाक्यानें आम्हांस थोडी शुद्ध आली.

प्रथम हें समजून घ्यावें कीं, संगणकाचें पुढचें बटण दिव्याच्या बटणासारखें नसतें. दिव्याचें बटण वीज स्वतः जोडतें वा तोडतें. १९९५ सालीं इंटेल कंपनीनें ए.टी.एक्स. नांवाची रचना प्रसिद्ध केली; तेव्हांपासून टेबलावरच्या संगणकांत तें बटण केवळ विनंति करतें. सॉकेटांतील २३० व्होल्टची वीज मागच्या बाजूच्या एका लोखंडी पेटींत जाते. बाजारांत तिला एस्.एम्.पी.एस्. म्हणतात. ही पेटी त्या विजेपासून १२, ५ व ३.३ व्होल्टची सौम्य वीज तयार करते. संगणक बंद दिसत असतांहि, भिंतीवरील बटण चालू असेल तर ही पेटी ५ व्होल्टचा एक बारीक प्रवाह मदरबोर्डाला सतत पुरवीत असते. आपण पुढचें बटण दाबलें कीं मदरबोर्ड पेटीला कळवितो, ‘आतां पुरती वीज दे’, आणि यंत्र जागें होतें. म्हणजे भिंत, दोरी, पेटी, बोर्ड व बटण अशी ही सांखळी. तिची जी कडी तुटेल तेथून पुढें अंधार.

म्हणून तपास भिंतीपासून आंत न्यावा, आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. आपल्या नैयायिकांनीं कारण ओळखण्यास अन्वय व व्यतिरेक अशा दोन कसोट्या सांगितल्या आहेत: अमुक असतां कार्य होतें, आणि तें नसतां होत नाहीं. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कसोटी फुकट जाते. यंत्र सुरू झालें तरी कशामुळें झालें हें कळत नाहीं.

आम्ही म्हणालों, “खोलींतला दिवा लागतो आहे, म्हणजे वीज आहे.” पुतण्या हंसला. हा हेतु सव्यभिचार होता. कारण खोलींत दिवा लागत असतांहि एखादें सॉकेट मेलेलें असूं शकतें. त्यानें टेबलावरचा लहान दिवा त्याच सॉकेटांत लावून पाहिला. तो लागला. सॉकेट निर्दोष. पुष्कळ घरांत तपास येथेंच संपतो: पिन सैल असते, किंवा भिंतीवरील बटणच कोणी बंद केलेलें असतें.

दुसरी पायरी मध्यस्थांची. सॉकेट व संगणक यांमध्यें स्पाईक गार्ड किंवा यू.पी.एस्. असेल तर तो काढून यंत्र थेट भिंतीस लावून पहावें. यू.पी.एस्.मधील बॅटरी साधारण दोनचार वर्षांत थकते, आणि थकलेला यू.पी.एस्. कित्येकदां वीज असूनहि ती पुढें जाऊं देत नाहीं. आमच्या येथील यू.पी.एस्. कांहीं महिन्यांपूर्वींच निकामी झाला होता व संगणक थेट भिंतीसच लावलेला होता. त्यामुळें ही पायरी आपोआप ओलांडली. हें थेट जोडणें आम्हांस किती महाग पडलें, तें पुढें येईलच.

तिसरी पायरी दोरीची. पडद्याची म्हणजे मॉनिटरची तीन छिद्रांची दोरी व संगणकाची दोरी बहुधा एकाच जातीची असते. आदलाबदल करून पाहिली. संगणकाच्या दोरीवर पडद्याचा दिवा लागला. पडद्याच्या दोरीवर संगणक मात्र ढिम्म. दोरीहि निर्दोष.

चौथी पायरी पेटीच्या पाठीची. तेथें एक काळें बटण असतें. त्याची रेघेकडची बाजू दाबलेली असावी, शून्याकडची नव्हे. झाडलोट करतांना तें नकळत फिरतें. जुन्या पेट्यांवर ११५ व २३० अशा अंकांचा एक लहान तांबडा खटकाहि असतो. आपल्या देशांत तो २३० वरच असला पाहिजे; ११५ वर ठेवून वीज सोडली तर पेटी जळून जाते. मुलांची बोटें तिकडे जाऊं देऊं नयेत.

पांचवी पायरी अगदीं सोपी, आणि पुष्कळदां गुणकारी. भिंतीवरचें बटण बंद करून पिन काढावी. मग संगणकाचें पुढचें बटण अर्धा मिनिट दाबून धरावें. त्यानें आंत अडकलेला विजेचा शेष निघून जातो. थोडें थांबून पुन्हां दोरी लावावी. विजेच्या लहानशा झटक्यानें भांबावलेली पेटी अशानें कित्येकदां शुद्धीवर येते. आमची आली नाहीं.

आतां झांकण उघडणें आलें. पुष्कळ मदरबोर्डांवर एक बारीक दिवा असतो. पेटीकडून तो सतत येणारा ५ व्होल्टचा प्रवाह पोंचत असेल तर तो लागतो. आभाळ भरलेलें, कोपरा अंधारा. म्हणून भिंतीस लावून ठेवलेला चार्जिंगचा दिवा आम्हीं हातीं घेतला व खटका ओढला. तो लागेना. रात्रभर संगणकाशेजारच्या सॉकेटांत होता, म्हणजे भरलेला असावयास पाहिजे. परंतु तोहि मेलेला!

त्या क्षणीं आम्हांस रात्र आठवली. म्हातारपणीं झोंप थोडी. मध्यरात्रीं सोसाट्याचा वारा सुटला असतां डोक्यावरचा पंखा एकाएकीं भन्नाट फिरूं लागला, माजघरांतला जुना गोल दिवा डोळे दिपतील इतका प्रखर झाला, आणि लगेच सर्वत्र काळोख पडला. आम्हीं कूस बदलली व निजलों. पहांटे वीज आली ती नेहमींसारखी. पुतण्याला हें सांगतांच तो म्हणाला, “काका, हें सकाळींच सांगावयाचें! न्यूट्रल तार तुटली असली पाहिजे.”

गांवांत येणाऱ्या विजेच्या मुख्य वाहिनींत तीन फेजांच्या तारा व चौथी न्यूट्रल असते. घराला एक फेज व न्यूट्रल यांमधील २३० व्होल्ट मिळतात. दोन फेजांमधील दाब मात्र सुमारें ४०० व्होल्ट असतो. वादळांत न्यूट्रल तुटली किंवा सैल झाली, तर निरनिराळ्या घरांतील उपकरणें दोन फेजांच्या मध्यें सांपडतात. कोणाच्या घरीं दाब उतरतो, तर कोणाच्या घरीं ४०० च्या जवळ चढतो. पंख्याची भन्नाट गति व दिव्याची ती प्रखरता हीच त्याची खूण. चार्जिंगचा दिवा त्यांत गेला, आणि भिंतीस जोडलेला संगणक, ‘बंद’ असूनहि, त्याच तडाख्यांत सांपडला.

तरीहि हें अजून अनुमानच. बोर्डावरचा बारीक दिवा लागलेला नव्हता. अर्थात् दोष पेटींत असण्याचा संभव अधिक, एवढेंच. शेजारच्या एका कर्मचाऱ्याच्या घरीं जुना संगणक अडगळींत पडला होता. त्यानें आनंदानें त्याची पेटी उसनी दिली. दोरी काढून, हात संगणकाच्या लोखंडी सांगाड्यास लावून अंगांतील स्थिर वीज उतरवून, पुतण्यानें जुनी पेटी सोडविली. २४ पिनांचा मोठा जोड, प्रोसेसरशेजारचा ४ पिनांचा लहान जोड, आणि हार्ड डिस्कचा जोड, असे तीन मुख्य सांधे. लहान जोड विसरला तर सारें बरोबर असूनहि यंत्र उठत नाहीं. नवी पेटी बसविली व बटण दाबलें. पंखा फिरला. जुनी पेटी असतां चलन नाहीं, दुसरी असतां आहे, आणि बाकीचें सर्व तेंच; निर्णय झाला.

पडद्यावर अक्षरें आलीं तेव्हां सूनबाईनें दुसरें कांहीं न पाहतां तीं टिपणें उघडलीं. सर्व जशींच्या तशीं होतीं. तिनें तोंडावर पदर धरला व कांहीं बोलली नाहीं. येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी: यंत्राचे प्राण व यंत्राची स्मृति या दोन वेगळ्या ठिकाणीं राहतात. एस्.एम्.पी.एस्. मेली म्हणून हार्ड डिस्कवरचें लिहिणें पुसत नाहीं. दाबाचा तडाखा कधीं बोर्डापर्यंत व डिस्कपर्यंतहि पोंचतो हें खरें. पण संगणक सुरू होत नाहीं एवढ्यावरून ‘सगळें गेलें’ असा आकांत करणें व्यर्थ होय. डिस्क शाबूत असेल तर ती काढून दुसऱ्या संगणकास जोडतां येते.

आतां आमच्या निवाड्याकडे वळूं. बटण कांहीं सेकंद दाबून धरणें ही चांगली संवय नव्हे. त्यानें चालू असलेलें लिखाण अर्धवट राहतें, क्वचित् फाईल बिघडते. परंतु तेवढ्यानें पेटी जळत नाहीं. कावळा बसावयास व ताड पडावयास एकच गांठ पडली. आणि जो काकतालीय न्याय आम्हीं वर्गांत शंभरदां समजावून दिला, त्यालाच आम्हीं प्रमाण मानलें. एवढ्यावरच तें थांबत नाहीं. त्या घरांत निजण्यापूर्वीं भिंतीवरचीं बटणें बंद करण्याचें काम आम्हीं हौसेनें स्वतःकडे घेतलें होतें. त्या रात्रीं पावसाच्या गारठ्यानें आम्ही लवकर अंथरुणांत शिरलों, आणि तें काम राहिलें. तें बटण बंद असतें तर पेटी वांचली असती.

पडवींत जाऊन आम्हीं नातवाला जवळ घेतलें व म्हटलें, “चूक तुझी नव्हती रे. माझी होती.” त्यानें सारें ऐकून घेतलें, आणि विचारलें, “मग आजोबा, तुम्हांला कोण रागावणार?” या प्रश्नाला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. त्या दिवशीं आम्ही दोघे एका पंक्तीला उशिरां जेवलों.

वाचकांच्या घरीं लक्षण थोडें निराळें असूं शकेल. म्हणून आणखी चार शब्द. बोर्डावरचा बारीक दिवा लागतो पण बटण दाद देत नाहीं, तर त्या बटणाची बारीक तार बोर्डावरून निसटली आहे काय तें पहावें. यंत्र सुरू होऊन दोनचार क्षणांत बंद पडत असेल, तर प्रोसेसरवरचा पंखा फिरतो कीं नाहीं हें पहावें, किंवा एखादा सुटा स्क्रू बोर्डाखालीं जाऊन विजेचा मार्ग चुकवीत आहे काय तें शोधावें. पंखा फिरतो पण पडदा काळा, तर वीज आहे. दोष पडद्याच्या दोरींत किंवा रॅममध्यें असावा. पिन काढून रॅमची पट्टी सोडवावी, तिच्या पिवळ्या दांतांवरून खोडरबर हलक्या हातानें फिरवावें, कचरा झाडावा व ती दोन्ही कड्या वाजेपर्यंत पुन्हां बसवावी. पावसाळी हवेंत हा उपाय विशेष लागू पडतो. बोर्डावर नळकांड्यासारखे कपॅसिटर असतात. त्यांचे माथे फुगलेले दिसले तर बोर्ड कारागिराकडेच द्यावा. मुंग्या, पाली व धूळ यांचीहि चौकशी करावी; उबेसाठीं पाल पेटीच्या जाळींतून आंत शिरते, आणि दोघांचाहि नाश होतो.

एक निषेध मात्र कडक पाळावा. एस्.एम्.पी.एस्.ची पेटी बदलावी, पण ती स्वतः कधींहि उघडूं नये. तिच्यांतील मोठ्या कपॅसिटरमध्यें ३०० व्होल्टांहून अधिक दाब सांठलेला असतो, आणि दोरी काढल्यावरहि तो कांहीं काळ टिकतो. जळका वास आला, धूर दिसला, किंवा संगणकाच्या लोखंडाला हात लावतां झिणझिण्या आल्या, तर तपास तेथेंच थांबवावा, मुख्य बटण बंद करावें व जाणत्यास बोलवावें. झिणझिण्या हें अर्थिंग बिघडल्याचें लक्षण आहे. तें संगणकापुरतें नसून घरांतील माणसांच्या जीवाशीं गांठ घालणारें आहे.

प्रतिबंध थोडक्यांत असा: वादळाचीं चिन्हें दिसतांच केवळ बटण बंद करून न थांबतां पिनच काढून ठेवावी, आणि इंटरनेटची तार जोडलेली असेल तर तीहि. जवळ पडलेली वीज थोपवील असा स्पाईक गार्ड नाहीं. दाब वारंवार चढतउतरत असेल तर चांगला स्टॅबिलायझर किंवा यू.पी.एस्. ठेवावा व त्याच्या बॅटरीकडे लक्ष द्यावें. आणि लिहिलेल्याची प्रत काढावी. आपल्या पूर्वजांनीं पोथ्या जतन केल्या त्या नकला करकरून. एक पोथी वाळवीनें खाल्ली तरी दुसऱ्या गांवीं दुसरी असे. संगणकांतील मोलाच्या लिखाणाच्या निदान तीन प्रती असाव्या, आणि त्यांतील एक घराबाहेर असावी.

पूर ओसरल्यावर चंद्रपुराहून नवी पेटी आली व शेजाऱ्याची पेटी त्याला धन्यवादपूर्वक परत गेली. तोंवर सूनबाईनें टिपणांची एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली होती, एक आपल्या माहेरीं पाठविली होती, आणि तिसरी मोठ्या वहींत शाईनें उतरण्यास आरंभ केला होता. संध्याकाळीं नातू पडद्यावरचे माडिया शब्द मोठ्यानें वाची व ती लिहून घेई. निजण्यापूर्वीं भिंतीवरचीं बटणें बंद करण्याचें काम त्याच दिवसापासून नातवाकडे गेलें. आम्हांला तें पुन्हां मिळालें नाहीं.